मदतीची यादी आणि गावकूस

कुठल्याही गावातल्या, पेठेतल्या किंवा उपनगरातल्या धर्मादाय ट्रस्टचा मदतीचा अर्ज हातात घेऊन पाहा. शाळेची फी असो, ऑपरेशनचा खर्च असो, झोपडी जळाली म्हणून पत्रे हवे असोत, अर्जात तीन गोष्टी बहुधा विचारलेल्या असतात. अर्जदार स्थानिक रहिवासी आहे का? तो खरोखर गरजू आहे का? त्याला ओळखणाऱ्या प्रतिष्ठित व्यक्तीची शिफारस आहे का? वरवर पाहता यात वावगे काही नाही. ट्रस्टचा पैसा मोजका असतो आणि मागणारे पुष्कळ असतात, तेव्हा कुठेतरी रेघ ओढावीच लागते.

प्रश्न रेघ ओढण्याचा नाही, खडू कोणाच्या हातात आहे याचा आहे. 'स्थानिक' कोण हे गाव ठरवत होते आणि गावाने आपल्याला कुसाबाहेर ठेवले होते. 'गरजू' कोण हे पाटील-कुलकर्णी ठरवत होते आणि त्यांच्या लेखी आपली गरज हा आपल्या कर्माचा भाग होता. 'प्रतिष्ठित' माणसाची शिफारस आणायची तर त्याच्या ओट्याखाली हात जोडून उभे राहावे लागत होते. शाळेच्या पुस्तकांत आपल्या देशातील दानाचा इतिहास उदार राजे आणि सज्जन शेठजींचा इतिहास म्हणून शिकवला जातो. आम्ही तो याद्यांचा इतिहास म्हणून वाचतो. कोणाचे नाव यादीत होते, कोणाचे नव्हते, आणि यादी लिहिणाऱ्याला तो पैसा कोणाच्या घामातून मिळाला होता, एवढे तपासले की पुष्कळ गोष्टी उघड होतात.

पुण्यापासूनच सुरुवात करू. श्रावणातील दक्षिणेची प्रथा मूळची तळेगावच्या सेनापती दाभाड्यांची. १७३१ साली डभईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे मारले गेले, त्यानंतर पेशव्यांनी ती पुण्यात आणली. पर्वतीच्या पायथ्याशी रमण्याचे आवार होते. देशभरातून आलेले ब्राह्मण त्यात जमत आणि दाराशी एकेकाच्या हातावर दक्षिणा पडे. विद्वानांचा मान वेगळा, पण रमण्यातल्या गर्दीला विद्येची अट नव्हती, गरिबीची तर नव्हतीच. जन्म हीच पात्रता होती. हा खर्च लाखांच्या घरात जात असे. पेशव्यांच्या दप्तरात त्याला धर्मकार्य म्हटले आहे. पण हा पैसा पेशव्यांनी शेत नांगरून मिळवला नव्हता. तो कुणब्याच्या साऱ्याचा पैसा होता, आणि त्या साऱ्याची रक्कम गावातून कचेरीपर्यंत पायी पोहोचवणारा महार होता. ज्याने पैसा वाहून नेला त्याला त्या पैशाच्या दारातही उभे राहता येत नव्हते.

त्याच पेशवाईची आठवण १८५५ साली एका मांग मुलीने 'ज्ञानोदय' पत्रात लिहिली. मुक्ता साळवे तिचे नाव. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकणारी ही चौदा वर्षांची मुलगी आपल्या जातीच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसते, हे लिहिते. ऊन-पाऊस अंगावर घेऊन बाळंत होणारी बाई ही शहरापासून दूर कुठे रानात नव्हती, पुण्याच्याच कडेला होती. गरजू शोधायला निघालेल्या कोणालाही ती दिसली असती. पण दक्षिणेची यादी गरज शोधत नव्हती.

इंग्रज आले, पेशवाई गेली, दक्षिणा मात्र गेली नाही. एल्फिन्स्टनने नव्या राज्याबद्दल ब्राह्मणांचा रोष नको म्हणून वर्षाला ५०,००० रुपये तिच्यासाठी राखून ठेवले. १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली, तिचा खर्चही याच पैशातून. विद्यार्थी अर्थातच ब्राह्मण. हळूहळू रोख दक्षिणा आटत गेली आणि १८४९ साली पुण्यातील काही सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला की, या फंडातला काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा. मागणी किती साधी होती पाहा. तरी सनातनी मंडळी इतकी चवताळली की अर्जदारांना मारहाणीची भीती वाटू लागली. हे अर्जदार स्वतः ब्राह्मण होते. त्यांच्या संरक्षणासाठी जोतीराव फुले आपली माणसे घेऊन उभे राहिले. आमच्या मते चळवळीच्या इतिहासातील हा प्रसंग हवा तेवढा सांगितला जात नाही. तिजोरीवर कोणाचा हक्क, या प्रश्नावर महाराष्ट्रात झालेला हा आधुनिक काळातला पहिल्या काही झगड्यांपैकी एक होता.

अर्ज मान्य झाला, दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. १८५५ साली जोतीरावांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून याच कमिटीकडे पाठवले. नाटकाचा विषय काय? एक जोशी गरोदर कुणबिणीला ग्रहांची भीती घालतो आणि तिच्या नवऱ्याला कर्ज काढून ब्राह्मणभोजन घालायला लावतो. म्हणजे दान कसे उकळले जाते याचे नाटक दानाच्या फंडाकडे बक्षिसासाठी गेले! ते नाकारले गेले हे सांगायला नकोच. कमिटीतल्या भटांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे जोतीरावांनी पुढे 'गुलामगिरी'त नोंदवून ठेवले. पण दुसरी बाजूही सांगायला हवी. मुली आणि महार-मांगांच्या मुलांसाठी चाललेल्या त्यांच्या शाळांना याच दक्षिणा फंडातून सरकारी मदत मिळाली. फंड तोच, पण तो सरकारच्या हातात आल्यावर आणि अर्ज, वाद, दबाव सुरू झाल्यावर यादी थोडी का होईना बदलली. रमण्याच्या काळात हे घडणे शक्य नव्हते, कारण तिथे अर्ज करायची सोयच नव्हती.

शहरातले सोडा, गावात काय होते? गावात मदतीला दान म्हणत नसत, बलुते म्हणत. वेस राखणे, सरकारी टपाल नेणे, आल्या-गेल्या अंमलदाराची सरबराई, मर्तिकाचा सांगावा गावोगाव पोहोचवणे, मेलेली जनावरे ओढणे, ही सगळी कामे महारांची. त्याबदल्यात खळ्यावरचे धान्य, सणाची भाकर, मढ्यावरचे कापड. महारांची आपली परंपरा याला बावन्न हक्क म्हणते. हक्क हा शब्द लक्षात घ्या. आपल्या वाडवडिलांनी त्या भाकरीला कधी भीक म्हटले नव्हते, ती त्यांच्या लेखी मजुरी होती. गावाने मात्र तीच मजुरी अशी दिली की घेणाऱ्याला ती भीक वाटावी. वरून टाकायची, शिळी द्यायची, दाराबाहेर हाक मारायला लावायची. केलेल्या कामाच्या मोबदल्याला उपकाराचे रूप देणे ही या व्यवस्थेची सर्वांत मोठी चलाखी होती. १९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबई कायदे मंडळात १८७४ च्या वतन कायद्याला दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले, ते या चलाखीवर बोट ठेवणारे होते. कामाचे तास आणि मोबदला ठरवा, बलुत्याच्या जागी रोख पैसे द्या, आणि ज्याला वतन सोडायचे आहे त्याला पूर्ण सारा भरून जमीन स्वतःची करून घेऊ द्या, असा त्याचा आशय होता. त्याआधी वर्षभर महाडच्या परिषदेत त्यांनी शिळे तुकडे आणि मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले ते याच कारणासाठी. पोट भरण्याची दुसरी सोय नसताना हे सोडा म्हणणे सोपे नव्हते. सोडणाऱ्यांना त्याची किंमतही मोजावी लागली. गावाने दुकान बंद केले, काम बंद केले, वाट बंद केली. अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या स्टार्ट समितीचा अहवाल १९३० साली आला. बाबासाहेब तिचे सदस्य होते. हक्क मागणाऱ्या अस्पृश्यांविरुद्ध गाव सामाजिक बहिष्काराचे हत्यार कसे वापरते हे त्या अहवालात नमूद आहे. गावचे उपकार आणि गावचा बहिष्कार हे एकाच माणसाचे दोन हात आहेत, हे ज्याने गावात दिवस काढलेत त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

स्थानिक मदतीत हा दोष फक्त आपल्याकडेच होता असे कोणी समजू नये. इंग्लंडमध्ये १६०१ च्या कायद्याने गरिबांना पोसण्याची जबाबदारी प्रत्येक पॅरिशवर, म्हणजे चर्चच्या हद्दीतील गावावर टाकली. लगेच प्रश्न आला, आपला गरीब कोण आणि परका कोण? १६६२ च्या कायद्याने बाहेरून आलेला माणूस पुढे पॅरिशवर भार होईल असे वाटले तर त्याला मूळ गावी हाकलून देण्याची मुभा दिली. १६९७ मध्ये तर मदत घेणाऱ्यांनी आपल्या कपड्यांवर पॅरिशच्या नावाचे अक्षर आणि गरीब असल्याची खूण लावावी असा कायदा झाला. मदत जितकी स्थानिक, तितका तिचा दरवाजा अरुंद. फरक इतकाच की तिथला गरीब मूळ गावी परत गेला तर यादीत येऊ शकत होता. आपले मूळ गावच आपल्याला आपले मानत नव्हते.

याच इंग्लंडमधून आलेल्या अधिकाऱ्यांनी १८७६ ते १८७८ चा दुष्काळ हाताळला. गरिबाला सहज मदत दिली तर तो आळशी होतो ही तिकडची समजूत त्यांनी इकडे आणली. म्हणून मदत हवी असेल तर आधी खडी फोडा. त्यातही १८७७ च्या सुरुवातीला सर रिचर्ड टेंपलने मजुरी उतरवली आणि धडधाकट पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्याइतके पैसे व वर एक आणा इतक्यावर आणून ठेवले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने या मजुरीवर कडक टीका केली, हे तिचे श्रेय आहे. पण खडी फोडू न शकणाऱ्यांचे काय? म्हातारे, आजारी, अनाथ पोरे यांच्यासाठी फुकट शिधा देण्याची व्यवस्था पुढे दुष्काळ संहितेत बसवली गेली, तेव्हा गावपातळीवरच्या याद्या गावकामगारांकडूनच येत होत्या. वरून कोणी साहेब तपासणीला येत असला तरी पहिली यादी लिहिणारा गावाचाच माणूस. कायदा लंडनचा, कलकत्त्याचा किंवा मुंबईचा असो, शेवटी लेखणी कुलकर्ण्याच्या हातात. 'शेतकऱ्याचा असूड' वाचलेल्या माणसाला या लेखणीबद्दल अधिक सांगण्याची गरज नाही.

त्याच दुष्काळात दुसरी एक यादी तयार होत होती. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते जुन्नर भागात फिरत होते. २० एप्रिल १८७७ रोजी ओतूरहून सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. कोरडी पडलेली रानउजाड गावे, गाव सोडून चाललेली माणसे आणि या संकटातही लोकांना नाडणारे सावकार यांचे वर्णन त्यात आहे. मे महिन्यात जोतीरावांनी मदतीचे आवाहन काढले आणि धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम चालवला गेला. तिथे येणाऱ्या मुलाला भूक हीच ओळख पुरेशी होती. वीस वर्षांनी, प्लेगच्या साथीत, सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात आणले आणि त्याच संसर्गाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. रहिवासी दाखला, शिफारसपत्र आणि पात्रतेची चौकशी या कुठल्याही पायरीवर त्या थांबल्या नाहीत. त्या यादी करणाऱ्या नव्हत्या, वस्तीत जाणाऱ्या होत्या. मदतीचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यासाठी यात पुष्कळ शिकण्यासारखे आहे.

धर्मशाळांचेही असेच. वाटसरूंसाठी धर्मशाळा बांधणे हे पुण्यकर्म, पाणपोई घालणे हे पुण्यकर्म, विहीर खोदणे त्याहून मोठे. पण वाटसरू महार असेल तर धर्मशाळेच्या बाहेर झाडाखाली. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांनी मुंबई कायदे मंडळात मंजूर करून घेतलेला ठराव आपण चवदार तळ्याच्या संदर्भात नेहमी सांगतो. त्या ठरावात पाणवठे आणि विहिरींबरोबर धर्मशाळा, शाळा, दवाखाने हेही होते. त्याचे सूत्र एकच होते. जे सार्वजनिक पैशातून बांधले किंवा चालवले जाते ते अस्पृश्यांना खुले असले पाहिजे. ठराव झाला, पण गावे आणि नगरपालिका हलल्या नाहीत. तेव्हा १९२६ मध्ये बोले पुन्हा उठले आणि जी नगरपालिका किंवा लोकल बोर्ड हा ठराव पाळत नाही तिला सरकारने अनुदान देऊ नये असा आग्रह धरला. म्हणजे दात्यांच्या अनुदानालाच अट! आतापर्यंत अट नेहमी घेणाऱ्यावर होती. पहिल्यांदा कोणीतरी देणाऱ्याला विचारले, तू देतोस ते कोणाला देतोस?

आता त्या संघटनेकडे येऊ, जिच्यावरून आजही तरुण आम्हाला प्रश्न विचारतात. पुणे करारानंतर लगेच, ३० सप्टेंबर १९३२ रोजी, अस्पृश्यता निवारणासाठी एक अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. तीच पुढे हरिजन सेवक संघ म्हणून ओळखली गेली. घनश्यामदास बिर्ला अध्यक्ष, अमृतलाल ठक्कर चिटणीस. शिष्यवृत्त्या, वसतिगृहे, दवाखाने, विहिरी, दारूबंदीचा प्रचार असे तिचे काम. बाबासाहेब, डॉ. सोळंकी आणि रावबहादूर श्रीनिवासन सुरुवातीला मध्यवर्ती मंडळावर होते. १४ नोव्हेंबर १९३२ रोजी गोलमेज परिषदेला जाताना 'व्हिक्टोरिया' बोटीवरून बाबासाहेबांनी ठक्करांना सविस्तर पत्र लिहिले. आमच्या मते मदत आणि हक्क यांतील फरकावर मराठी माणसाच्या हातून यापेक्षा स्पष्ट काही लिहिले गेलेले नाही. त्यातील मुद्दा आमच्या शब्दांत असा. माणूस दुर्दशेत आहे तो त्याच्या अंगच्या दोषांमुळे, असे मानणारे लोक त्याला फी देतील, औषध देतील, दारू सोडायला सांगतील. माणूस दुर्दशेत आहे तो भोवतालच्या परिस्थितीमुळे, असे मानणारे लोक परिस्थिती बदलायला निघतील. पहिल्या मार्गाने काही व्यक्ती वर येतात, समाज जिथल्या तिथे राहतो. म्हणून संस्थेने आपली ताकद नागरी हक्कांवर खर्च करावी. विहीर, शाळा, चावडी, सार्वजनिक वाहने खुली करावीत, त्यासाठी गावागावांत संघर्ष झाला तरी चालेल. आणि काम करणारी माणसे शक्यतो अस्पृश्यांमधलीच घ्यावीत.

या पत्राला उत्तर आले नाही. पुढे तिघेही मंडळातून बाहेर पडले. अस्पृश्यांना व्यवस्थापनात का घेत नाही, या प्रश्नावर गांधीजींचे म्हणणे असे होते की हे सवर्ण हिंदूंचे प्रायश्चित्त आहे, कर्जदाराने फेडायचे कर्ज आहे, म्हणून संस्था त्यांनीच चालवायची. ऐकायला उदात्त वाटते. पण कर्ज फेडताना किती फेडायचे, कधी फेडायचे आणि कोणत्या नाण्यात फेडायचे हे कर्जदारच एकट्याने ठरवणार असेल तर सावकाराने काय करायचे? १९४५ साली काँग्रेस आणि गांधी यांच्या अस्पृश्यविषयक कामाचा हिशेब मांडणारे पुस्तक लिहिताना बाबासाहेबांनी या संघावर स्वतंत्रपणे टीका केली. अशा मदतीने उपकाराखाली दबलेले, पक्षाला बांधलेले लोक तयार होतात, हा त्यांचा आक्षेप होता.

इथे एक प्रश्न हमखास येतो. बाबासाहेबांनी स्वतः सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेतली नाही का? शाहू महाराजांनी 'मूकनायक'ला आर्थिक साहाय्य केले नाही का? घेतली, केले. ते लपवण्याचे कारण नाही. पण त्या शिष्यवृत्तीची पुढची गोष्टही सांगा. १९१३ मध्ये झालेल्या कराराप्रमाणे शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानाची नोकरी करायची होती. १९१७ मध्ये कोलंबिया आणि लंडनला शिकलेला तो माणूस बडोद्याला रुजू झाला तेव्हा शिपाई फायली लांबून फेकत होते आणि शहरात राहायला खोली मिळत नव्हती. पारशी पथिकाश्रमात नाव लपवून राहिले, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. महाराजांचा हेतू शुद्ध होता, पैसा पुरेसा होता, यादीत नावही होते. तरी त्या शहरात ते स्थानिक होऊ शकले नाहीत. बोटीवरचे ते पत्र लिहिणाऱ्या माणसाच्या अंगावर बडोद्याचे हे वळ होते. शिष्यवृत्ती नको असे तो म्हणत नव्हता. शिष्यवृत्ती खिशात असलेल्या माणसालाही खोली मिळत नाही, हे तो सांगत होता.

बाहेरचा पैसा आणि बाहेरची यादी या दोन गोष्टी बाबासाहेबांनी कशा वेगळ्या केल्या हे बहिष्कृत हितकारिणी सभेत दिसते. २० जुलै १९२४ रोजी स्थापन झालेल्या या सभेचे अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड होते. उपाध्यक्षांमध्ये पारशी, ज्यू आणि सवर्ण हिंदू मान्यवर होते. पण व्यवस्थापक मंडळाची सूत्रे बाबासाहेबांकडे होती. परळच्या दामोदर हॉलमधून काम चाले आणि जानेवारी १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह सुरू झाले. देणगीदारांची नावे पाटीवर, कोणत्या मुलाला प्रवेश द्यायचा हे मात्र आपली माणसे ठरवणार. त्याच काळात मुंबईच्या चाळींमध्ये गिरणीत, गोदीत, रेल्वेत राबणारी आपली माणसे गावकीची मंडळे चालवत होती. दर महिन्याची वर्गणी, वहीत नाव, कोणी मेला तर मयतीचा खर्च, कोणाची नोकरी गेली तर चार दिवसांचा शिधा. गावाने जी यादी नाकारली ती चाळीच्या खोलीत आपणच लिहिली. या वह्यांचा इतिहास कोणी लिहिलेला नाही. ज्यांच्या घरी जुनी वही, पावतीपुस्तक शिल्लक असेल त्यांनी ते रद्दीत घालू नये.

पण वर्गणीला मर्यादा असते. दहा रिकाम्या खिशांची बेरीज मोठी होत नाही. म्हणून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर, ऑक्टोबर १९४२ मध्ये, बाबासाहेबांनी सरकारला निवेदन देऊन अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी केंद्राच्या तिजोरीतून पैसा मागितला. बनारस हिंदू विद्यापीठाला आणि अलीगढच्या मुस्लिम विद्यापीठाला सरकार अनुदान देते, मग आम्हाला का नाही, असा रोखठोक सवाल होता. त्यातून तीन लाख रुपये मंजूर झाले आणि १९४४ पासून शिष्यवृत्ती सुरू झाली. आज लाखो विद्यार्थी जिला पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती म्हणून ओळखतात तिचे मूळ इथे आहे. गावाकडून मागितले नाही, शेठजीकडून मागितले नाही, थेट दिल्लीकडून मागितले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी गावाबद्दल जे कठोर शब्द वापरले त्यांत अज्ञान आणि संकुचितपणा यांच्याबरोबर स्थानिकतेच्या डबक्याचाही उल्लेख आहे. त्या भाषणावर ग्रामस्वराज्यवाले आजही नाक मुरडतात. मुरडोत. स्थानिक म्हणवणाऱ्या मदतीचा अनुभव त्यांच्या वाट्याला आला नव्हता.

स्वातंत्र्यानंतर तरी गाव बदलले का? १९७२ च्या दुष्काळाचे वर्ष आठवा. त्याच वर्षी इंदापूर तालुक्यातील बावड्याला बौद्धांवर गावाने बहिष्कार टाकला. परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगावात विहिरीवर पाणी घ्यायला गेलेल्या आपल्या स्त्रियांची विटंबना झाली. याच संतापातून दलित पँथर उभी राहिली. दुष्काळात सगळा गाव एक होतो म्हणतात. तहानेलेल्या वर्षी गावाचे कूस अधिक उंच होते, असा आपला अनुभव आहे.

आणि शहरात? शहरात जातीचे कूस दगडाचे नसते, ट्रस्टच्या घटनेचे असते. मुंबई-पुण्यात विशिष्ट ज्ञातीच्या विद्यार्थ्यांना फी देणारे, विधवांना दरमहा रक्कम देणारे, ज्ञातिबांधवांना स्वस्तात खोली देणारे जुने ट्रस्ट आहेत. १९६१ च्या आयकर कायद्यात तरतूद अशी की, एखाद्या विशिष्ट धर्मसमुदायाच्या किंवा जातीच्याच फायद्यासाठी काढलेल्या धर्मादाय ट्रस्टला करसवलत मिळणार नाही. पण हे लागू झाले तो कायदा अंमलात आल्यानंतर, म्हणजे १ एप्रिल १९६२ नंतर स्थापन झालेल्यांना. त्याआधीचे सुटले. आता विचार करा, १९६२ पूर्वी ट्रस्ट काढण्याइतका पैसा, जमीन आणि वकील कोणाकडे होते? अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी काढलेल्या ट्रस्टला त्या कायद्याने जातीचा ट्रस्ट मानलेले नाही, हे चांगलेच आहे. पण सवलत मिळायला आधी गाठीला काही असावे लागते. एका ज्ञातीचा मुलगा पणजोबांच्या ट्रस्टमधून फी भरतो, त्याला कोणी आरक्षण म्हणत नाही. आपला मुलगा सरकारी शिष्यवृत्तीची वाट पाहत परीक्षेला बसतो, त्याला जावई म्हणतात.

तेव्हा कार्यकर्त्यांनी काय करायचे? ट्रस्टच्या दारात जाऊ नये असे आम्ही म्हणत नाही. जरूर जावे, पण कागद हातात घेऊन जावे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेल्या प्रत्येक ट्रस्टची उद्दिष्टे, विश्वस्तांची नावे आणि मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदलेली असते. शेड्युल वनचा उतारा अर्ज करून मागता येतो. उद्दिष्टात 'गरीब व गरजू' लिहिले असेल आणि मदत मात्र ओळखीतल्यांनाच जात असेल, तर तो प्रश्न दयेचा राहत नाही, ट्रस्ट चालवण्याच्या कायद्याचा होतो. करसवलत घेणारा ट्रस्ट तुमच्या-आमच्या करातला वाटा घेत असतो. जोतीरावांनी दक्षिणेबद्दल विचारले तेच इथे विचारायचे आहे.

यातला सर्वांत उपयोगी भाग रुग्णालयांचा आहे. १९८५ साली या कायद्यात ४१ कक हे कलम घातले गेले. मोठमोठी धर्मादाय रुग्णालये, ज्यांच्या काचेच्या दारातून आत जायला आपली माणसे बिचकतात, त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात ठेवल्या पाहिजेत. २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यासाठी योजना मंजूर केली, तिच्याप्रमाणे रुग्णालयाने एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला काढायची असते. उत्पन्नाचा दाखला किंवा रेशन कार्ड लागते. नगरसेवकाची चिठ्ठी लागत नाही. तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेसाठी अडवता येत नाही. यादी इथेही आहे, पण ती कायद्याने ठरवलेली आहे, आणि तिच्यात नाव असायला कोणाच्या ओट्याखाली उभे राहावे लागत नाही.

म्हणून वस्तीतला रुग्ण घेऊन जाल तेव्हा रुग्णालयाच्या सामाजिक सेवा कक्षात पहिला प्रश्न 'काही मदत होईल का' असा विचारू नका. आज निर्धनांसाठीच्या किती खाटा रिकाम्या आहेत, हे विचारा आणि मिळालेले उत्तर तारीख-वेळेसह लिहून घ्या.